अण्णा डुकराची किडनी घेतील म्हणतात, माझी नाही

पत्राचा सारांश: पत्रलेखिका २७ वर्षांची, मूळची सांगली जिल्ह्यातली, नोकरीनिमित्त पुण्यात राहते. वडील (घरात त्यांना अण्णा म्हणतात) ५७ वर्षांचे, हायस्कुलात विज्ञान शिकवतात. मधुमेहानं त्यांच्या किडन्या निकामी झाल्या असून दीड वर्षापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. अण्णांचा रक्तगट ए, आईचा बी. ‘गट जुळत नाही’ असं कळलं आणि आईचा विषय तिथेच थांबला. मुलीचा गट ओ आहे आणि ती किडनी द्यायला तयार आहे, पण अण्णा ते ऐकूनही घेत नाहीत. अमेरिकेत डुकराची किडनी माणसाला बसवल्याच्या बातम्यांची कात्रणं ते फाइलला लावतात आणि ‘दोन-तीन वर्षांत इकडे येईल, तोवर डायलिसिसवर काढतो’ म्हणतात. घर वारकऱ्यांचं, अण्णा माळकरी. आजीला डुकराचं नावही सहन होत नाही. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत आणि ‘किडनी दिलेल्या मुलीला स्थळ कोण देणार’ असं नातेवाईक म्हणतात. ३१ वर्षांचा विवाहित भाऊ बेंगळुरूला असतो. प्रश्न तीन: बातमी खरी आहे का? थांबावं का? अण्णांना कसं तयार करावं?

प्रिय मुली,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, म्हणून तिथूनच सुरू करते. बातमी खरी आहे. १६ मार्च २०२४ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रिचर्ड स्लेमन या ६२ वर्षांच्या गृहस्थांना जनुकीय बदल केलेल्या डुकराची किडनी बसवली. जिवंत रुग्णात अशी किडनी बसवण्याची ती पहिलीच वेळ. किडनीनं लघवी तयार करायला सुरुवात केली आणि एप्रिलच्या सुरुवातीला ते घरी गेले. अण्णांच्या फाइलमधलं एक तरी कात्रण याचं असणार.

त्या कात्रणात पुढचं नसेल. मे महिन्यात, शस्त्रक्रियेला दोन महिने व्हायच्या आतच, स्लेमन गेले. प्रत्यारोपणामुळे गेले असं काही दिसलं नाही, असं रुग्णालयानं सांगितलं. त्यांना हृदयाचा आजार होताच. आणखी एक गोष्ट त्यात नसेल. स्लेमन यांना २०१८ मध्ये माणसाची किडनी मिळाली होती. ती पाच वर्षांनी थकली, डायलिसिससाठी लागणाऱ्या रक्तवाहिन्या पुन्हा पुन्हा बंद पडायला लागल्या आणि दुसरी मानवी किडनी मिळायला अनेक वर्षं लागणार होती. सगळे रस्ते बंद झाल्यावर हा रस्ता पुढे आला. एवढं ध्यानात ठेव.

अण्णा विज्ञानाचे शिक्षक आहेत, तेव्हा त्यांच्याशी बोलताना नुसतं ‘ते काही खरं नाही’ म्हणून भागणार नाही. म्हणून हे संशोधन कुठून कुठवर आलं ते जरा सविस्तर सांगते.

प्राण्यांचे अवयव वापरण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९६३-६४ मध्ये न्यू ऑर्लिन्सला कीथ रीम्ट्स्मा या सर्जननी चिंपांझीच्या किडन्या १३ रुग्णांना बसवल्या. तेव्हा दीर्घकाळचं डायलिसिस फार थोड्यांना मिळायचं, त्यामुळे त्या रुग्णांपुढे दुसरा मार्गच नव्हता. बहुतेक जण काही आठवड्यांत गेले. एक तरुण शिक्षिका मात्र नऊ महिने जगली, मधल्या काळात कामावरही परतली. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियात लोमा लिंडा इथे एका नवजात मुलीला बबून या माकडाचं हृदय बसवलं. ती सुमारे तीन आठवडे जगली. १९९२ मध्ये पिट्सबर्गला बबूनचं यकृत मिळालेला रुग्ण ७० दिवस. पुढे संशोधक माकडं आणि वानरांपासून दूर गेले. ते आपल्या इतके जवळचे की त्यांचे विषाणू आपल्यात सहज रुळण्याची भीती, त्यांना एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं, आणि चिंपांझीसारख्या प्राण्याला अवयवासाठी मारायचं का हा प्रश्न तर होताच. डुकराला एका वेतात आठ-दहा पिल्लं होतात, ती भराभर वाढतात आणि त्यांचे अवयव आकारानं माणसाच्या अवयवांशी जुळतात.

अडचण होती ती एका साखरेची. डुकराच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची साखर असते. माणूस, वानरं आणि आफ्रिका-आशियातली माकडं यांच्या शरीरात ती नसते, उलट तिच्यावर हल्ला करणारी प्रथिनं, म्हणजे अँटिबॉडी, रक्तात कायम तयार असतात. म्हणून डुकराची साधी किडनी जोडली की काही मिनिटांत किंवा तासांत ती काळीनिळी पडून बंद होते. ही साखर तयारच न करणारी डुकरं २००२-०३ च्या सुमारास जन्माला आली. नंतर क्रिस्पर हे जनुकं कापण्याचं तंत्र आलं आणि कामाला वेग आला. स्लेमन यांना मिळालेल्या किडनीच्या डुकरात ६९ जनुकीय बदल केलेले होते: तीन प्रकारच्या साखरा काढून टाकल्या, माणसाची सात जनुकं घातली आणि डुकराच्या जनुकसंचातच पिढ्यान्‌पिढ्या दडून बसलेल्या विषाणूंच्या ५९ प्रती निकामी केल्या.

माणसाआधी हे माकडांवर तपासलं गेलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात अशी किडनी बसवलेलं एक मकाक माकड ७५८ दिवस, म्हणजे दोन वर्षांहून जास्त जगलं. त्याच्या स्वतःच्या दोन्ही किडन्या काढलेल्या होत्या. ज्या किडन्यांत माणसाची जनुकं घातली नव्हती, त्यांवरची माकडं यापेक्षा कितीतरी लवकर गेली. हृदयाच्या बाबतीत जर्मनीत म्युनिकच्या गटानं २०१८ मध्ये डुकराच्या हृदयावर बबून सहा महिन्यांपेक्षा जास्त जगवून दाखवले. हे थक्क करणारं काम आहे, आणि तसं अण्णांना मोकळेपणानं सांगायला काही हरकत नाही. फक्त माकडातला निकाल माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही. ज्या साखरा डुकरातून काढल्या, त्यांतली एक माणसाच्या शरीरात नसते पण माकडाच्या शरीरात असते, त्यामुळे दोघांची प्रतिकारशक्ती त्या किडनीकडे वेगळ्या नजरेनं पाहते. शेवटी माणसात काय होतं ते माणसातच कळतं.

माणसात आजवर काय झालं? जानेवारी २०२२ मध्ये मेरीलँड विद्यापीठात डेव्हिड बेनेट यांना डुकराचं हृदय बसवलं. ते दोन महिने जगले. त्या हृदयात डुकराचा एक विषाणू दडलेला होता, तो आधीच्या तपासणीत सापडला नव्हता. किडनीमध्ये सप्टेंबर २०२१ पासून न्यूयॉर्कमध्ये मेंदूमृत व्यक्तींवर, घरच्यांच्या संमतीनं, प्रयोग झाले. त्यांतल्या एका देहात किडनी ६१ दिवस चालली. मग जिवंत रुग्ण. जानेवारी २०२५ मध्ये बोस्टनला टिम अँड्र्यूज यांना मिळालेली किडनी २७१ दिवस टिकली आणि ऑक्टोबरमध्ये काढावी लागली. तोवरच्या जिवंत रुग्णांमधला तो उच्चांक होता. चीनमध्येही किडनी, यकृत, फुप्फुस यांवर काम चालू आहे.

आता हे आकडे अण्णांच्या आयुष्याशेजारी ठेवून बघ. जिवंत नातेवाइकाची किडनी चांगली जुळली आणि औषधं नीट घेतली तर ती साधारण १५ ते २० वर्षं चालते. डुकराच्या किडनीचा हिशोब आज महिन्यांत चालू आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२५ मध्ये रीतसर चाचण्यांना परवानगी दिली. त्यांतली एक आधी सहा रुग्णांवर आणि सगळं ठीक गेलं तर पन्नास जणांपर्यंत नेण्याची योजना आहे. तीही ५५ ते ७० वयाच्या अशा रुग्णांसाठी, ज्यांना मानवी किडनी चालणार नाही किंवा ती मिळण्याआधीच मृत्यू येण्याची शक्यता जास्त आहे. अशा रुग्णांवर पुढे जन्मभर देखरेख ठेवावी लागते, आणि डुकराचा एखादा विषाणू माणसांत पसरू नये म्हणून त्यांनी व त्यांच्या अगदी निकटच्या माणसांनी रक्तदान करू नये असा तिथल्या प्रशासनाचा दंडक आहे. भारतात आज हा उपचार कुठेही मिळत नाही. आपल्याकडे १९९७ मध्ये आसामात गुवाहाटीजवळ डॉ. धनीराम बरुआ यांनी एका ३२ वर्षांच्या रुग्णाला डुकराचं हृदय आणि फुप्फुसं बसवली होती. रुग्ण आठवड्याभरात गेला आणि डॉक्टरांना अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली अटक झाली.

तेव्हा तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. या संशोधनावर माझा विश्वास आहे, ते लाखो घरांचं दुःख हलकं करू शकेल असं मला मनापासून वाटतं. पण चाचण्या पूर्ण होणार, त्यांचे निकाल तपासले जाणार, मग मान्यता, मग भारतात परवानगी, आणि मग सांगलीच्या एका शिक्षकाला परवडेल असा खर्च. हे दोन-तीन वर्षांत होणार नाही. आणि डायलिसिसवरच्या वर्षांची किंमत मोजावी लागते. मधुमेही रुग्णाच्या हृदयाची आणि रक्तवाहिन्यांची प्रत्येक वर्षी झीज होते. डायलिसिस जितकं लांबतं, तितकं पुढच्या प्रत्यारोपणाचं यश कमी होत जातं. आज प्रत्यारोपणाला योग्य असलेले अण्णा तीन वर्षांनी त्या टेबलावर जाण्याइतके तंदुरुस्त असतीलच असं नाही.

इथवर तुझ्या बाजूनं बोलले. पुढचं तुला थोडं बोचेल.

तुझा तिसरा प्रश्न आहे, ‘अण्णांना कसं तयार करू?’ त्यात तू एक गोष्ट धरून चालली आहेस: अण्णांना विज्ञान चुकीचं कळलंय, ते दुरुस्त केलं की ते तुझी किडनी घेतील. मी सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करायचे तेव्हा डायलिसिसच्या वॉर्डात असे वडील खूप भेटायचे. कुणी म्हणायचं आयुर्वेदिक औषध चालू आहे, कुणी म्हणायचं डायलिसिसच बरं वाटतंय, कुणी गुढीपाडव्यानंतर बघू म्हणायचं. कारणं वेगळी, पण त्यांच्या मागे एकच वाक्य असायचं: लेकराच्या अंगावर सुरी नको. तुझे अण्णा शिकलेले आहेत, म्हणून त्यांचं कारण बोस्टनहून आलं. तुळशीची माळ घातलेला माणूस डुकराचा अवयव पोटात ठेवून घ्यायला तयार होतो, यावरून त्याला लेकीची किडनी किती जड वाटत असेल ते कळतं. त्यांच्या हातातलं कात्रण तू चुकीचं ठरवलंस तर ते दुसरं शोधतील.

आणि त्यांची भीती अगदीच निराधार आहे का? त्यांच्याच विषयातली एक गोष्ट सांगते. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला अलाबामाच्या टोवाना लूनी यांना डुकराची किडनी बसवली. ५३ वर्षांच्या या बाईंची ही किडनी १३० दिवस चालली. मग त्यांना संसर्ग झाला, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करावी लागली, शरीरानं किडनी नाकारली आणि एप्रिल २०२५ मध्ये ती काढून त्या परत डायलिसिसवर गेल्या. पण त्यांच्यावर ही वेळ आली कशी? १९९९ मध्ये त्यांनी आपली एक किडनी आईला दिली होती. पुढे गरोदरपणात गुंतागुंत झाली, रक्तदाब वाढला आणि उरलेली किडनी खराब होत गेली. २०१६ पासून त्या डायलिसिसवर होत्या. तिथे किडनीदात्यांना प्रतीक्षा यादीत प्राधान्य मिळतं, तरी त्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडींमुळे जुळणारी मानवी किडनी सापडेना.

हे तुला घाबरवायला सांगितलं नाही. किडनी देणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला असं येतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दात्यांची पुढे आयुष्यात किडनी निकामी होण्याची शक्यता दहा हजारांत सुमारे ९० निघाली. तितक्याच निरोगी पण किडनी न दिलेल्या लोकांत ती दहा हजारांत १४ होती. म्हणजे धोका वाढतो, तरी शंभरात एकाहून कमीच राहतो. किडनी दिल्यानंतर गरोदर राहिलेल्या स्त्रियांमध्ये गरोदरपणातला रक्तदाब किंवा त्यातून होणारी गुंतागुंत कॅनडातल्या एका अभ्यासात ११ टक्क्यांना झाली, न दिलेल्यांत ५ टक्क्यांना. बहुतेकींची बाळंतपणं नीट झाली. हे आकडे सरासरीचे आहेत. तुझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट जोडावी लागेल, ती तुझ्या पत्रात कुठेच नाही: अण्णांच्या किडन्या मधुमेहानं गेल्या आणि तू त्यांची मुलगी आहेस. तुला स्वतःला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे. २७ व्या वर्षी तुझे सगळे रिपोर्ट चांगलेच येतील. पन्नाशीत साखर वाढली आणि किडनी एकच असली तर काय, हा प्रश्न कुठल्याही चांगल्या नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरला, पडतो आणि तुलाही पडायला हवा. तू किडनी देऊ नकोस असं मी म्हणत नाही. तू पहिली असावीस असं मला वाटत नाही, एवढंच.

मग पहिलं कोण? तुझ्या पत्रात आई एका वाक्यात येते आणि गट जुळत नाही म्हणून निघून जाते. मला तिथेच थांबावंसं वाटलं. आईचं वय काय, साखर-रक्तदाब कसा, तिची इच्छा काय, यातलं काहीच तू लिहिलेलं नाहीस, कारण रक्तगटाच्या पुढे कुणी गेलंच नाही. रक्तगट न जुळणं हा आता शेवट राहिलेला नाही. कायद्यातल्या २०११ च्या दुरुस्तीनं अदलाबदलीच्या प्रत्यारोपणाला मान्यता दिली. त्याला सगळे स्वॅपच म्हणतात. तुमच्यासारखंच दुसरं कुटुंब, ज्यात रुग्ण बी गटाचा आणि देणारी व्यक्ती ए गटाची, ते सापडलं तर तुझी आई त्या रुग्णाला किडनी देते आणि त्यांची व्यक्ती अण्णांना. दोन्ही शस्त्रक्रिया शक्यतो एकाच दिवशी होतात. यात ए आणि बी ही जोडी नशीबवान समजली जाते, कारण तिची उलट जोडी मिळणं तुलनेनं सोपं असतं. रुग्ण ओ गटाचा असता तर फार वाट बघावी लागली असती. स्वॅप जुळला नाही तर रक्तगट वेगळा असूनही थेट प्रत्यारोपण करता येतं. त्यासाठी आधी रक्तातल्या अँटिबॉडी गाळून काढतात आणि जास्तीची औषधं देतात. त्यात खर्च आणि संसर्गाचा धोका दोन्ही वाढतात, पण आपल्या मोठ्या शहरांतल्या अनेक रुग्णालयांत ते होतं. आईचं वय पन्नाशीच्या आसपास असेल तर एक किडनी घेऊन तिला काढायची वर्षं तुझ्यापेक्षा कमी आहेत आणि बाळंतपणं मागे पडली आहेत. वैद्यकीयदृष्ट्या ती तुझ्यापेक्षा चांगली दाती ठरू शकते. आणि अण्णा बायकोची किडनी घ्यायला लेकीपेक्षा लवकर तयार होतील, असं माझा अनुभव सांगतो.

अर्थात आईला विचारायचं ते खरोखर विचारायचं. तिनं हो म्हणायचंच आहे असं धरून नाही.

आणि भाऊ? त्याच्याबद्दल तू एवढंच लिहिलंस की तो बेंगळुरूला असतो. त्याचा रक्तगट काय, हे घरात कुणी विचारलं का? आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायका फार जास्त आहेत आणि घेणाऱ्यांत पुरुष. बायको देते, आई देते, बहीण देते. मुलगा कमावता आहे, त्याच्यावर घर आहे, असं म्हणून त्याला प्रश्नच विचारला जात नाही. मधुमेहाची शंका त्यालाही लागू आहे, त्यामुळे तपासणीत तोही मागे पडेल कदाचित. पण विचारायला हवं. न विचारताच त्याला सोडणं हे त्याच्यावरही अन्यायाचं आहे. काही मुलं नुसतं कुणी विचारायची वाट बघत असतात.

याखेरीज एक काम उद्यासुद्धा करता येईल. मेंदूमृत दात्याकडून किडनी मिळण्यासाठी अण्णांचं नाव नोंदवलंय का? सांगली भाग पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे, म्हणजे पुणे झेडटीसीसीकडे येतो. नोंदणी थेट तिथे होत नाही, प्रत्यारोपणाची मान्यता असलेल्या रुग्णालयामार्फत होते. तिथल्या प्रत्यारोपण समन्वयकाला भेट. यादीत वर्षं जातात हे खरं, पण बाकीच्या खटपटी चालू असतानाही तो नंबर पुढे सरकत राहतो. घरात बोलणी चालू आहेत म्हणून नोंदणी मागे ठेवणारे खूप असतात, आणि त्यांचा तो काळ परत मिळत नाही. खर्चाचं म्हणशील तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपण आहे. रुग्णालय त्या योजनेत आहे का आणि किती रक्कम मिळेल हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचार. अण्णा शिक्षक असल्यानं त्यांच्या वैद्यकीय प्रतिपूर्तीची चौकशीही शाळेत कर.

आजींबद्दल. डुकराची किडनी अण्णांच्या वाट्याला आज येणार नाही, तेव्हा घरातलं ते भांडण तूर्त मिटवून टाक. पण आजींना मागासलेलं समजू नकोस. या संशोधनासाठी वाढवलेली डुकरं जगापासून तोडलेल्या निर्जंतुक जागेत वाढतात. संसर्ग टाळायला पिल्लं पोट कापून काढतात आणि आईजवळ ठेवत नाहीत. माकडांवरच्या प्रयोगांत ती माकडं मरतात. माणूस वाचावा म्हणून हे स्वीकारावं असं माझं मत आहे, पण एखाद्या माळकरी बाईला त्याचा त्रास होत असेल तर त्या त्रासाचा मी आदर करते. एक मात्र अण्णांना माहीत असेल किंवा नसेल: डायलिसिस करताना रक्त गोठू नये म्हणून जे हेपॅरिन देतात, ते बहुतेक वेळा डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनतं. हृदयाच्या झडपाही डुकराच्या वापरतात. हे आजींना जिंकण्यासाठी सांगू नकोस. जीव वाचवताना माणसाला अशा तडजोडी आधीपासून कराव्या लागताहेत, हे तुझ्या मनाशी असू दे.

लग्नाबद्दल थोडंच लिहिते. किडनी दिलेल्या बाईचा संसार, नोकरी, मुलंबाळं सगळं होतं. उद्या तू दिलीस तर होणाऱ्या नवऱ्याला ते लग्नाआधी सांगायचं, आणि ते ऐकून जो मागे फिरेल तो तुझ्या कामाचा नव्हताच. पण किडनी देण्याचा निर्णय स्थळांच्या भीतीनं टाळू नकोस आणि नातेवाइकांना दाखवून देण्यासाठी घेऊही नकोस.

राहिलं अण्णांशी बोलणं. सगळं घर जमवून बोलू नका, तिथे ते शिक्षक होतात. डायलिसिसच्या चार तासांत त्यांच्याजवळ बस. त्यांना पटवायला जाऊ नकोस. आधी विचार, ‘तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?’ आणि ते बोलले तर मध्ये तोडू नकोस. मग फाइल उघडायला सांग. लूनी आणि अँड्र्यूज यांचं पुढे काय झालं ते दोघं मिळून वाचा. त्यांना हे कळू दे की त्यांची आशा तू खोटी मानत नाहीस, तिची वेळ अजून यायची आहे. आणि सांग की तुझं नाव तू सध्या यादीत शेवटी ठेवतेस. आधी आईची तपासणी, भावाची चौकशी, झेडटीसीसीची नोंदणी. लेकीवरचं संकट बाजूला झालेलं दिसलं की बरेच वडील पहिल्यांदा स्वतःच्या आजाराबद्दल बोलतात.

तरीही ते नाही म्हणाले तर? मग तो नकार त्यांचा. अवयव घेण्याचा निर्णय घेणाऱ्याचा असतो, देणाऱ्याचा हट्ट त्याच्यावर लादता येत नाही. तेव्हा डायलिसिस नीट होणं, हिमोग्लोबिन आणि साखर ताब्यात राहणं, फिस्टुला (डायलिसिससाठी हातावर केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) जपणं यांत त्यांना साथ दे. आणि उलट बाजूही लक्षात ठेव. उद्या वेळ तुझ्यावर आली आणि मन कचरलं, तर प्रत्यारोपणाच्या मंजुरीच्या वेळी समिती दात्याला एकटीला विचारते, त्याचं चित्रीकरणही होतं. तिथे नाही म्हणता येतं. घरी कळू नये असं वाटलं तर डॉक्टर ‘वैद्यकीय कारणानं योग्य नाही’ एवढंच सांगतात. मुलगी म्हणून तुझं प्रेम त्यानं कमी होत नाही.

अशाच पेचात असलेल्या बाकीच्या वाचकांनीही हाच क्रम धरावा: आधी प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयातल्या समन्वयकाची भेट, सोबत घरातल्या सगळ्या प्रौढांच्या रक्तगटांचे कागद, रुग्णाचे मागच्या सहा महिन्यांचे रिपोर्ट आणि नात्याचे पुरावे. आधार, रेशन कार्ड, लग्नाचा दाखला यांतल्या नावांच्या स्पेलिंगमधल्या तफावतींमुळेच मंजुरी अनेकदा अडकते, त्या आत्ताच दुरुस्त करून घ्याव्यात.

आणि तू, तुझी आई, तुझा भाऊ, तिघांनीही या आठवड्यात उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांच्या सरासरीची साखर, रक्तदाब आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या. कुणीही किडनी दिली नाही तरी तुमच्या घरात या तपासण्या दरवर्षी व्हायलाच हव्यात.

तुझी,
ताई